आचाऱ्याचा धंदा आणि त्याचें शिक्षण

दहावीच्या वर्गांत दरवर्षीं एक तास मी पुढील आयुष्यक्रमाविषयीं बोलण्याकरितां राखून ठेवीत असतों. "तुम्हांस पुढें कोण व्हावयाचें आहे?" असा प्रश्न केला म्हणजे उत्तरें बहुधा ठरलेलीं असतात. कोणास डॉक्टर व्हावयाचें असतें, कोणास इंजिनिअर. आपल्या मोहाडीकडील पुष्कळ मुलें पोलीस भरतीचें नांव घेतात, आणि त्यासाठीं पहांटे तुमसरच्या रस्त्यावर धांवणारीं मुलें आपण सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. कांहीं वर्षांपूर्वीं अशाच एका तासास मागील बांकावरील एक मुलगा उभा राहिला व म्हणाला, "गुरुजी, मला आचारी व्हावयाचें आहे." सारा वर्ग हंसला. तो मुलगाहि हंसला; पण त्याचे कान लाल झाले होते.

पुढच्या आठवड्यांत त्याचे वडील शाळेंत आले. ते स्वतः लग्नकार्यांत स्वयंपाक करणारे आचारी. मुलानें आपलाच धंदा निवडला म्हणून ते संतोष व्यक्त करतील, असें मला वाटलें. पण त्यांनीं आपले दोन्ही हात माझ्यापुढें धरले. तेल उडून पडलेल्या डागांनीं मनगटापर्यंतची कातडी काळवंडली होती. ते म्हणाले, "गुरुजी, मी जल्मभर चुलवणापाशी उभा राहिलो जी. पोराले तरी सावली भेटू द्या."

त्या दिवशीं मला त्यांस नीट उत्तर देतां आलें नाहीं. पुढें मी या धंद्याच्या शिक्षणाची माहिती मिळवूं लागलों, आणि जसजशी ती मिळत गेली तसतशी एक गोष्ट मनांत पक्की होत गेली. आचाऱ्याचा धंदा हलका नाहीं. तो शिक्षणावांचून करावा लागला म्हणून त्यास हलकेपणा आला. जें काम मनुष्य नुसत्या शरीरानें करतो त्यांत शरीर झिजतें. तेंच काम तो विद्येनें करूं लागला म्हणजे त्यास मान मिळतो व शरीराचेंहि रक्षण होतें. ही गोष्ट तुम्हांस व तुमच्या पालकांस पटवून द्यावी, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हें पाहूं कीं, स्वयंपाकांत शिकण्यासारखें आहे तरी काय. "स्वयंपाक तर आमच्या घरीं रोज होतो," असें कोणी म्हणेल. रोज होतो हें खरें. परंतु अंगणांतील दोडक्याच्या वेलास पाणी घालणें आणि चार एकरांत धानाची रोवणी करणें यांत जें अंतर आहे, तेंच घरच्या स्वयंपाकांत व पांचशें पानांच्या पंक्तींत आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्याचें मुख्य पीक धान. म्हणून भाताचेंच उदाहरण घेऊं. नव्या तांदुळाचा भात चिकट होतो, आणि वर्षभर ठेवलेल्या तांदुळाचा भात मोकळा होतो, हें तुमच्या आईस ठाऊक आहे. असें कां होतें? तांदूळ साठवणींत राहिला म्हणजे दाण्यांतील पिष्ट व प्रथिनें यांत हळूहळू फरक पडतो. मग तो दाणा पाणी अधिक पितो, अधिक फुलतो, पण फुटत नाहीं. हें कारण ज्यास समजलें तो दर वेळीं पाण्याचें प्रमाण तांदूळ पाहून ठरवितो; ज्यास समजलें नाहीं तो एखाद्या वेळीं फसतो आणि "आज हात बिघडला" असें म्हणतो.

दुसरें उदाहरण याहून गंभीर आहे. शिजलेल्या भातांतहि एका जातीच्या जंतूंचीं बीजें जिवंत राहूं शकतात. भात कोमट स्थितींत तासन् तास पडून राहिला तर ते जंतु वाढतात व विष उत्पन्न करतात. आणि तें विष भात पुन्हां तापविल्यानें नाहींसें होत नाहीं. दुपारच्या पंक्तीचा भात सायंकाळीं वाफ देऊन वाढण्यांत किती धोका आहे तो यावरून कळेल. शिकलेला आचारी तयार अन्न एक तर ६० अंश सेल्सिअसच्या वर उष्ण ठेवतो, नाहीं तर त्वरेनें थंड करून ५ अंशांच्या खालीं ठेवतो. या दोन आंकड्यांमधील प्रदेश तो संकटाचा मानतो. हे आंकडे पाठ करण्यास एक मिनिट लागतें. ते ठाऊक नसल्यानें सबंध वऱ्हाड आजारी पडूं शकतें.

तिसरें उदाहरण आपल्या बांधींतलेंच. धान कापणीस येण्याच्या सुमारास त्याच ओलींत लाखोरी पेरण्याची आपल्याकडे रीत आहे. लाखोरीची डाळ रुचकर व स्वस्त. परंतु तींत एक विषारी द्रव्य असतें, आणि दुष्काळाच्या दिवसांत महिनेमहिने मुख्यत्वें तिच्यावरच राहिलेल्या माणसांचे पाय लुळे पडल्याचीं उदाहरणें वैद्यकशास्त्रांत नमूद आहेत. गरम पाण्यांत डाळ भिजवून तें पाणी टाकून दिलें असतां त्या द्रव्याचा पुष्कळ अंश निघून जातो. तेव्हां कोणता पदार्थ कसा धुवावा, कशाबरोबर द्यावा व किती द्यावा, हें जाणणें हाहि आचाऱ्याच्या विद्येचाच भाग होय.

यापुढें गणित. समजा, बटाटे २० रुपये किलो या भावानें १० किलो आणले. २०० रुपये झाले. सोलून व किडके भाग काढून ८ किलो उरले. तर भाजींत पडलेल्या बटाट्याचा भाव २० रुपये नसून २५ रुपये किलो आहे. जो आचारी २० चा हिशेब धरून ताटाची किंमत सांगतो, तो दर पंक्तीस थोडा थोडा बुडत जातो व आपल्या नशिबास दोष देतो. त्रैराशिकाचा कंटाळा करणाऱ्या मुलांनीं हें ध्यानांत ठेवावें.

आतां ही विद्या शिकवितां येण्याजोगी कशी झाली तें थोडक्यांत सांगतों. पूर्वीं सर्व देशांत ती उस्तादाच्या हाताखालीं राबूनच मिळत असे. फ्रान्समध्यें १८४६ सालीं जन्मलेल्या ऑगस्त एस्कोफिए यास शिल्पकार व्हावयाचें होतें. पण तेराव्या वर्षीं त्यास नीस शहरांतील चुलत्याच्या खाणावळींत कामास लावण्यांत आलें. त्या काळचीं तेथील स्वयंपाकघरें धूर, आरडाओरड व मद्यपान यांनीं भरलेलीं असत. एस्कोफिए यानें तीं सुधारलीं. १८९० सालीं तो लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलच्या स्वयंपाकघराचा मुख्य झाला. त्यानें कामाचे विभाग पाडले. मासळी एका विभागाकडे, भाजणें दुसऱ्याकडे, गोड पदार्थ तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक विभागावर एक जबाबदार प्रमुख. आरडाओरड व दारू यांस त्यानें मनाई केली, आणि भट्टीपाशीं तहान लागते म्हणून जवाचें पेय ठेवविलें. १९०३ सालीं त्यानें आपलें ज्ञान मोठ्या ग्रंथाच्या रूपानें प्रसिद्ध केलें. आज जगांतील मोठ्या हॉटेलांचीं स्वयंपाकघरें बव्हंशीं त्याच धर्तीवर चालतात. 'शेफ' हा शब्दहि फ्रेंचच. त्याचा अर्थ प्रमुख, म्हणजे स्वयंपाकघराचा नायक.

आपल्या देशांत या शिक्षणाचा आरंभ मुंबईस झाला, आणि त्याची कथा मोठी बोधप्रद आहे. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत धान्याची टंचाई होती. त्या वेळीं श्रीमती लीलावती मुनशी यांनीं स्त्रियांची अन्नविषयक परिषद स्थापून 'अन्नपूर्णा' नांवाचीं उपाहारगृहें चालविलीं. तांदूळ व गहूं यांवांचून होणारे पदार्थ तेथें मिळत. याच परिषदेच्या प्रयत्नांनीं १९५४ सालीं मुंबईस पाकविद्येची व पोषणशास्त्राची संस्था निघाली. आज ती दादर येथें असून तिच्या नांवांत हॉटेल व्यवस्थापनाबरोबर 'उपयोजित पोषण' हेहि शब्द आहेत. म्हणजे हें शिक्षण श्रीमंतांच्या मेजवान्यांकरितां सुरू झालें नाहीं. टंचाईंत सांपडलेल्या देशास थोडक्यांत पौष्टिक अन्न कसें द्यावें, या विवंचनेंतून तें जन्मास आलें.

आतां शिक्षणाच्या पायऱ्या क्रमानें सांगतों.

पहिली पायरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, जिला आपण आयटीआय म्हणतों तिची. दहावी उत्तीर्ण झालेल्या विद्यार्थ्यास तेथें 'फूड प्रॉडक्शन' हा एक वर्षाचा अभ्यासक्रम घेतां येतो. पाव, बिस्किटें व केक यांचें काम शिकविणारा अभ्यासक्रमहि एक वर्षाचाच आहे. प्रत्येक आयटीआयमध्यें हे विषय असतातच असें नाहीं. म्हणून प्रवेशाच्या दिवसांत आधीं चौकशी करावी. त्यानंतर १९६१ च्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्याप्रमाणें एखाद्या हॉटेलांत उमेदवारी करतां येते, व त्या काळांत विद्यावेतन मिळतें. ज्या घरीं फीचा भार सोसवत नाहीं त्या घरच्या मुलास हा मार्ग उत्तम.

दुसरी पायरी बारावीनंतरची. केंद्र सरकारच्या पर्यटन मंत्रालयाच्या देखरेखीखालीं १९८२ सालीं एक राष्ट्रीय परिषद स्थापन झाली; दादरच्या संस्थेप्रमाणेंच देशांतील अनेक संस्था तिच्याशीं संलग्न आहेत. कोणत्याहि शाखेची बारावी इंग्रजी विषयासह उत्तीर्ण झालेला विद्यार्थी तिच्या पदवीच्या अभ्यासक्रमास जाऊं शकतो. त्यासाठीं देशभर एकच प्रवेशपरीक्षा असते. तींत गणित, तर्क, सामान्य ज्ञान, इंग्रजी आणि सेवेच्या धंद्याकडे असलेला कल हे भाग असतात. मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा. त्यांत स्वयंपाकाबरोबर पंक्ति वाढणें, खोल्यांची व्यवस्था, हिशेब, पोषण व स्वच्छता हे विषय येतात, आणि कांहीं महिने प्रत्यक्ष हॉटेलांत काम करावें लागतें. पुण्यास राज्य शासनाचीहि अशी संस्था आहे.

खासगी संस्था पुष्कळ आहेत; त्यांतल्या कांहीं चांगल्या आहेत. परंतु पालकहो, रंगीत माहितीपत्रक पाहून पैसे भरूं नका. ही संस्था कोणत्या विद्यापीठाशीं वा मंडळाशीं संलग्न आहे? विद्यार्थ्यास आठवड्यांतून किती तास स्वयंपाकघरांत प्रत्यक्ष उभें राहतां येतें? मागील वर्षीं शिकून गेलेलीं मुलें आज कोठें आहेत, व त्यांस भेटतां येईल काय? हे तीन प्रश्न विचारा. उत्तर देतांना जो कांकूं करील त्याच्या दारावरून परत या.

शिक्षण संपल्यावर लगेच कोणी शेफ होत नाहीं. आरंभ 'कॉमी' या पायरीपासून होतो. कॉमी म्हणजे हाताखालचा नवशिका. तो कांदे सोलतो, रस्सा ढवळतो, ओटा पुसतो. मग एका विभागाचा प्रमुख, मग उपप्रमुख म्हणजे 'सू शेफ', आणि पुष्कळ वर्षांनीं सबंध स्वयंपाकघराचा मुख्य. या चढणीवर धीर न सोडणाराच वर पोंचतो.

मूळ गोव्याच्या ख्रिस्ती कुटुंबांतील श्री. फ्लॉइड कार्डोझ यांचा जन्म १९६० सालीं मुंबईस झाला. त्यांनीं प्रथम जीवरसायनशास्त्राचा अभ्यास केला; पुढें मन स्वयंपाकाकडे वळलें तेव्हां मुंबईस व नंतर स्वित्झर्लंडांत त्यांनीं या धंद्याचें रीतसर शिक्षण घेतलें. १९९८ सालीं न्यूयॉर्कमध्यें निघालेल्या 'तबला' या उपाहारगृहाचे ते शेफ झाले. २०११ सालीं अमेरिकेंतील दूरचित्रवाणीवरच्या एका मोठ्या पाकस्पर्धेच्या अंतिम फेरींत त्यांनीं परीक्षकांपुढें काय ठेवलें असेल? उपमा! रव्याचा उपमा, आळंबी घालून केलेला. आणि ते पहिले आले. २०२० सालीं करोनाच्या सांथींत त्यांचें निधन झालें. उपमा आपल्यांपैकीं पुष्कळांच्या घरीं होतो. परंतु घरचा पदार्थ न लाजतां जगापुढें ठेवण्याचें धैर्य आणि तो निर्दोष करण्याचें कौशल्य हीं शिक्षणानें व वर्षानुवर्षांच्या मेहनतीनें येतात.

आपल्या शेजारच्या नागपूरचे श्री. विष्णु मनोहर यांचें नांव तुम्हीं ऐकलेंच असेल. २०१७ सालीं त्यांनीं नागपुरांत सलग पन्नासांहून अधिक तास स्वयंपाक करून विक्रम केला. पाटोडीचा रस्सा, वडाभात, सांभारवडी हे विदर्भाचे पदार्थ म्हणजे आपलें धन आहे. तें दुसऱ्यांनीं येऊन उचलण्यापूर्वीं आपल्या मुलांनीं तें नीट शिकून घ्यावें, हें बरें.

धंद्याची दुसरी बाजूहि लपवूं नये. दहा दहा, बारा बारा तास उभें राहावें लागतें. सुरी लागते, हात भाजतो. सारें जग सण करतें तेव्हां आचारी कामावर असतो. आरंभींचें वेतन थोडें असतें. दमलेल्या शरीरास व्यसनाचा मोह लवकर पडतो. या वाटेनें गेलेले हुशार कारागीर मीं पाहिले आहेत. ज्यास हें सोसवणार नाहीं त्यानें दुसरा मार्ग धरावा. त्यांत कमीपणा नाहीं. परंतु धगीची भीति वाटते म्हणून धंद्यासच नीच म्हणणें हें योग्य नव्हे.

मुलींस एक शब्द. घरांत स्वयंपाक बाईनें करावा व हॉटेलांत त्याच कामाचें वेतन आणि पदवी पुरुषानें घ्यावी, हा न्याय कोणत्या शास्त्राचा? या संस्थांचीं दारें मुलींस मुलांइतकींच उघडीं आहेत, आणि त्यांतली पहिली संस्था तर स्त्रियांनींच काढली. जिच्या हातांत ही कला आहे तिनें ती चुलीपुरती ठेवूं नये.

आणखी एक गोष्ट. पूर्वीं पंक्तीस बसणारा विचारीत असे कीं, आचारी कोणत्या जातीचा? शिकलेल्या स्वयंपाकघरांत हा प्रश्न कोणी विचारीत नाहीं. तेथें विचारतात, "हात धुतले काय? नखें कापलीं काय?" या दोन प्रश्नांत जुन्या प्रश्नापेक्षां शुद्धता अधिक आहे, असें मला वाटतें.

आज शाळेंत असतांनाच काय करतां येईल? एक वही करा. आजी म्हणते, "मीठ अंदाजानें घाल." तो अंदाज वाटीनें व तराजूनें मोजा आणि लिहून ठेवा, आजीबरोबर तो नाहींसा होऊं देऊं नका. विज्ञानाच्या तासास उष्णता व जंतु हे धडे लक्ष देऊन वाचा. इंग्रजीचा कंटाळा करूं नका. परप्रांतांत व परदेशांत तिच्यावांचून अडतें. घरीं आठवड्यांतून एक दिवस सबंध स्वयंपाक करा, आणि भांडीं स्वतः घांसा. कारण जो भांडीं घांसण्यास लाजतो तो आचारी होत नाहीं.

आरंभीं ज्या मुलाविषयीं सांगितलें त्याची हकीकत सांगून लेख पुरा करतों. त्यानें आयटीआयचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला व पुढें नागपुरास उमेदवारी धरली. एका उन्हाळ्यांत सुटीवर आला असतां वडिलांबरोबर तो एका लग्नाच्या कामास गेला. दुपारची पंक्त उठली. भाताचे दोन गंज उरले. सायंकाळीं तोच भात तापवून वाढा, असें यजमानांचें म्हणणें. मुलानें खिशांतून उष्णता मोजण्याची कांडी काढून भातांत खोंवली व म्हणाला, "बाबा, हा भात वाढूं नका." वडील प्रथम हंसले. मुलानें कारण समजावून सांगितलें. मग त्यांनीं यजमानांपुढें हात जोडले, तो भात टाकावयास लावला, आणि नव्या भाताची मजुरी घेतली नाहीं.

ही गोष्ट मला मुलानें सांगितली नाहीं. वडिलांनींच शाळेंत येऊन सांगितली. ते म्हणाले, "गुरुजी, तीस वर्सं भात रांधला जी, पण भाताले ताप पाहाची कांडी लावतात हे मले माहीत नव्हतं." मीं विचारलें, "मग आतां मुलास सावलींत बसवावयाचें काय?" ते थोडा वेळ गप्प राहिले व म्हणाले, "नाही जी. राहू द्या त्याले चुलीपाशी. मी बी आता मीठ तोलूनच टाकतो."

विद्यार्थिमित्रहो, वर्गांत पुन्हां कोणी उठून "मला आचारी व्हावयाचें आहे" असें म्हणाला, तर त्यास हंसूं नका. त्यास एवढेंच विचारा, "कोठें शिकणार?"